एका संख्येचा ताळा

बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दुप्पट करीत गेले म्हणजे चौसष्टाव्या घरापर्यंत पोहोचण्यापूर्वीच राजाची कोठारे रिकामी होतात. ह्या गोष्टीतील दुपटीकडे सर्वांचे लक्ष जाते; बेरजेकडे सहसा कोणाचे जात नाही. दोन घरांतील दाणे मिळून तीन होतात, तीन घरांतील सात, चार घरांतील पंधरा, पाच घरांतील एकतीस. म्हणजे कोणत्याही घरापर्यंतची बेरीज ही त्याच्या पुढच्या घरातील दाण्यांहून नेमकी एकाने कमी भरते. दोनाचा एखादा घात घेऊन त्यातून एक वजा केला की ही बेरीज हाती येते. तीन, सात, पंधरा, एकतीस ह्या दिसावयास अगदी भाबड्या संख्यांनी दोन हजार वर्षांहून अधिक काळ विद्वानांना झुलवत ठेवले आहे.

पट चौसष्ट घरांचा नसून एकशे सत्तावीस घरांचा आहे अशी कल्पना केली, तर त्यावरील दाण्यांची बेरीज पुढीलप्रमाणे येईल: १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७. ही संख्या एकोणचाळीस अंकांची आहे. दोनाचा एकशे सत्ताविसावा घात, त्यातून एक वजा, एवढेच तिचे कुलवृत्त. परंतु ही संख्या मूळ आहे की संयुक्त, म्हणजे तिला एक आणि ती स्वतः ह्यांवाचून अन्य कोणत्याही संख्येने निःशेष भाग जातो की नाही, हा प्रश्न १६४४ पासून १८७६ पर्यंत, तब्बल दोनशे बत्तीस वर्षे टांगलेला राहिला. उत्तर मात्र पहिल्याच दिवशी सांगून झाले होते. उत्तर सांगणे आणि उत्तर सिद्ध करणे ह्यांत किती अंतर असते, हे ह्या संख्येच्या इतिहासाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

ह्या इतिहासाचा आरंभ ग्रीकांपासून होतो. सहा ह्या संख्येचे स्वतःहून लहान असे विभाजक एक, दोन आणि तीन. त्यांची बेरीज पुन्हा सहाच येते. अठ्ठावीस, चारशे शहाण्णव व आठ हजार एकशे अठ्ठावीस ह्या संख्यांचाही हाच गुण आहे. अशा संख्यांना ग्रीकांनी परिपूर्ण संख्या म्हटले. युक्लिडने आपल्या भूमितीच्या ग्रंथाच्या नवव्या खंडात असे दाखविले की दाण्यांची बेरीज जेव्हा मूळ संख्या ठरते, तेव्हा तिला पटावरील शेवटच्या घरातील दाण्यांनी गुणले असता परिपूर्ण संख्या मिळते. तीन गुणिले दोन सहा. सात गुणिले चार अठ्ठावीस. साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला: ही बेरीज मूळ केव्हा असते?

घातांक स्वतः संयुक्त असेल तर बेरीज मूळ असूच शकत नाही. सहा घरांची बेरीज त्रेसष्ट; सहाला दोन आणि तीन ह्यांनी भाग जातो, म्हणून त्रेसष्टालाही दोन घरांच्या बेरजेने, म्हणजे तिनाने, आणि तीन घरांच्या बेरजेने, म्हणजे सातानेही भाग जातो. तेव्हा घातांक मूळ असणे अवश्य आहे. पण तेवढे पुरेसे आहे काय? दोन, तीन, पाच व सात ह्या घातांकांना बेरीज मूळ येते, म्हणून पुष्कळांनी तसे मानलेही. १५३६ साली हूडालरिकुस रेगियुस ह्याने अकरा हा घातांक घेऊन २०४७ म्हणजे तेवीस गुणिले एकोणनव्वद हे दाखविले, आणि तो समज ढासळला. बोलोन्या येथील पिएत्रो कातालदी ह्याने १५८८ साली सतरा व एकोणीस हे घातांक कसास उतरतात हे भागाकार करकरून ताडून पाहिले. त्याने पडताळलेली दुसरी संख्या ५२४२८७ ही होती. तिच्यापुढे हाताने भागाकार करीत जाणे हे दुष्कर काम होते.

अशा वेळी ह्या विषयात फादर मरँ मर्सेन ह्यांनी लक्ष घातले. १५८८ मध्ये जन्मलेले मर्सेन हे मिनिम ह्या संन्यासी संघाचे धर्मगुरू होते. शिक्षण ला फ्लेश येथील जेझुइटांच्या महाविद्यालयात झाले आणि आयुष्याचा मोठा भाग पॅरिसमधील मठात गेला. विज्ञानविषयक नियतकालिके तेव्हा निघाली नव्हती. ती उणीव ह्या एका माणसाच्या पत्रव्यवहाराने भरून काढली. देकार्त, फर्मा, तोरिचेल्ली, तरुण ह्यूगेन्स ह्यांच्याशी त्यांची पत्रे चालत, आणि एकाचा प्रश्न दुसऱ्याच्या कानी घालून तिसऱ्याकडून उत्तर मिळविण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. १६४० साली फर्माने त्यांना एक मोलाची गोष्ट कळविली: घातांक मूळ असेल तर बेरजेचा कोणताही मूळ विभाजक हा घातांकाच्या दुपटीच्या पाढ्यातील संख्येहून एकाने अधिक असतो. अकराची दुप्पट बावीस, आणि तेवीस हा बाविसाहून एकाने अधिक. एकोणनव्वद हा अठ्ठ्याऐंशीहून एकाने अधिक. ह्याच नियमाच्या आधारे फर्माने सदतीस ह्या घातांकाच्या संख्येचा २२३ हा विभाजक शोधून काढला.

१६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत मर्सेन ह्यांनी असे विधान केले की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ ह्या अकरांनाच मूळ संख्या मिळते. बाकी सर्व संयुक्त. हे त्यांनी कशावरून ठरविले ते सांगितले नाही. विशेष हे की पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवावयास सारा काळही पुरणार नाही, अशी कबुली त्यांनी स्वतःच दिली होती. असे असता एकोणचाळीस आणि अठ्ठ्याहत्तर अंकी संख्यांविषयी त्यांनी निर्णय दिला. १६४८ मध्ये ते निवर्तले. त्यांचे नाव ह्या संख्यांना कायमचे चिकटले आणि त्यांची यादी पुढील पिढ्यांना आव्हान होऊन राहिली.

पहिला मोठा पडताळा ऑयलरने केला. एकतीस घातांकाची संख्या २१४७४८३६४७ आहे. तिला सेहेचाळीस हजारांपर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावयाचे तर चार हजारांवर भागाकार झाले असते. ऑयलरने फर्माचा नियम आणखी धारदार केला. २४८ ने भागले असता ज्यांची बाकी १ किंवा ६३ उरते अशाच संख्या विभाजक असू शकतात हे दाखवून त्याने बहुतेक सर्व भागाकार अनावश्यक ठरविले. १७७२ साली त्याने बेर्नुलीला पत्राने कळविले की ही संख्या मूळ आहे. १८११ मध्ये पीटर बार्लो ह्या इंग्रज गणितज्ञाने लिहिले की ऑयलरच्या संख्येवरून मिळणारी परिपूर्ण संख्या ही सापडलेल्यांत सर्वांत मोठी असून पुढेही तीच राहील; कारण अशा संख्या केवळ कौतुकाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, आणि त्यापलीकडे जाण्याचे श्रम कोणी घेईलसे वाटत नाही.

बार्लोला वाटलेली अडचण अगदीच निराधार नव्हती. एकशे सत्तावीस घातांकाच्या संख्येचे वर्गमूळ वीस अंकी आहे. फर्मा आणि ऑयलर ह्यांच्या नियमांनी शक्य तेवढे विभाजक गाळून टाकले, आणि दर सेकंदाला एक ह्या वेगाने अहोरात्र भागाकार केले, तरी सुमारे ऐंशी कोटी वर्षे लागतील. तेव्हा प्रश्न अधिक कष्ट करण्याचा राहिलाच नव्हता. विभाजकांना हात न लावता संख्येचे मूळत्व ओळखता येईल अशी निराळी वाटच हवी होती.

ती वाट एद्वार ल्यूका ह्या फ्रेंच शिक्षकाने काढली. १८४२ मध्ये आमियाँ येथे जन्मलेला ल्यूका आरंभी पॅरिसच्या वेधशाळेत होता. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो तोफखान्यात अधिकारी म्हणून लढला, आणि नंतर त्याने मूलँ व पॅरिस येथील विद्यालयांत गणित शिकविले. खेळ आणि कोडी ह्यांची त्याला मनस्वी आवड होती. तीन खुंट्या आणि लहानमोठ्या चकत्या असलेला 'हनोईचा मनोरा' हा खेळ त्यानेच १८८३ मध्ये टोपणनावाने बाजारात आणला. पुढच्याच वर्षी एका फ्रेंच लेखकाने त्या खेळाला काशीच्या मंदिरातील चौसष्ट सुवर्णचकत्यांची दंतकथा जोडून दिली; सर्व चकत्या एका सुईवरून दुसरीवर गेल्या की जगाचा अंत होणार, अशी ती कथा. काशीचा संबंध कल्पित खरा, पण आकडा कल्पित नाही. चौसष्ट चकत्या हलविण्यास लागणाऱ्या खेळी म्हणजे चौसष्ट घरांतील दाण्यांचीच बेरीज. ल्यूकाच्या खेळातही ह्याच संख्या येऊन बसल्या होत्या.

त्याची रीत ज्या मालिकांवर उभी आहे त्यांचे एक मूळ भारतात आहे. मागील दोन संख्यांची बेरीज करून पुढची मिळवावयाची: १, २, ३, ५, ८, १३. लघुगुरूंच्या मात्रा मोजताना आपल्याकडील छंदःशास्त्रकारांना ही मालिका गवसली होती, आणि बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी ती नोंदली. युरोपात तिला फिबोनाचीचे नाव रूढ केले ते ल्यूकानेच. त्याच नियमाने १ आणि ३ पासून आरंभ केला तर १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७ ही तिची भगिनी मालिका मिळते; तिला आज ल्यूकाचे नाव आहे. हिच्यात एक चमत्कार आहे. दुसऱ्या स्थानावरील तिनाचा वर्ग करून दोन वजा केले तर चौथ्या स्थानावरील सात मिळतात. साताचा वर्ग करून दोन वजा केले तर आठव्या स्थानावरील सत्तेचाळीस. प्रत्येक उडीला स्थान दुप्पट होते. मधल्या असंख्य पायऱ्या न चढता फार दूरच्या स्थानी जाता येते.

ल्यूकाची कसोटी अशी. तिनापासून आरंभ करावा; वर्ग करून दोन वजा करावे; येणाऱ्या उत्तराला परीक्षेतील संख्येने भागून केवळ बाकी ठेवावी; आणि घातांकाहून दोनाने कमी इतक्या वेळा हे करावे. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. ल्यूकाची तिनापासूनची रीत एकशे सत्तावीससारख्या, चाराने भागल्यास बाकी तीन उरणाऱ्या घातांकांना लागू पडते. सात हा घातांक घेऊन कोणालाही ती कागदावर करून पाहता येईल. येथे संख्या १२७ आहे. तिनावरून सात, सातावरून सत्तेचाळीस, त्यावरून २२०७, म्हणजे बाकी अठ्ठेचाळीस. त्यावरून २३०२, बाकी सोळा. त्यावरून २५४, आणि बाकी शून्य. पाच पायऱ्यांत निकाल लागला. आता अकरा घातांकाची २०४७ घ्यावी. बाक्या येतात त्या ३, ७, ४७, १६०, १०३४, ६२०, १६०९, १४७१, आणि पुन्हा १६०. तेथून वर्तुळ सुरू होते आणि शून्य कधीच येत नाही. तेवीस किंवा एकोणनव्वद ह्यांचे नावही न घेता २०४७ संयुक्त असल्याचे सिद्ध होते.

एकशे सत्तावीस घातांकासाठी एकशे पंचवीस पायऱ्या. ऐंशी कोटी वर्षांचे काम एकशे पंचवीस वर्गांवर आले. तरीही एकोणचाळीस अंकी संख्येचा वर्ग करणे आणि त्याला पुन्हा एकोणचाळीस अंकी संख्येने भागणे, हे सव्वाशे वेळा बिनचूक करणे सोपे नव्हे. येथे ल्यूकाच्या मदतीला त्याचे खेळ आले. त्याने द्विमान पद्धती योजिली, म्हणजे प्रत्येक संख्या केवळ शून्य आणि एक ह्यांनी लिहिली. एकशे सत्तावीस गुणिले एकशे सत्तावीस घरांचा पट कल्पिला. जेथे एक तेथे प्यादे, जेथे शून्य तेथे घर मोकळे. वर्ग करावयाचा म्हणजे प्याद्यांची ओळ एकेक घर सरकवून खाली मांडावयाची.

भागाकाराचे काय, हे समजण्यास शाळेतील नवाचा ताळा आठवावा. दहा ही नवाहून एकाने अधिक, म्हणून नवाने भागल्यावरची बाकी काढण्यास भागाकार करावा लागत नाही. अंकांची बेरीज पुरते. त्याचप्रमाणे दोनाचा एकशे सत्ताविसावा घात आपल्या संख्येहून एकाने अधिक आहे. म्हणून एकशे सत्ताविसाव्या घराबाहेर जाणारे प्यादे दुसऱ्या टोकाने पहिल्या घरात आणून ठेवावयाचे, की भागाकार झाला. आरंभीच्या दाण्यांच्या बेरजेतील तो एकाचा फरक येथे असा उपयोगी पडला.

१८७६ मध्ये ल्यूकाने जाहीर केले की ही संख्या मूळ आहे. १९१४ मध्ये फोकेंबेर्ग ह्याने ती पुन्हा पडताळून पाहिली आणि निर्णय कायम राहिला. बार्लोचे भाकीत पासष्ट वर्षांत खोटे ठरले. ह्या संख्येवरून मिळणारी परिपूर्ण संख्या सत्त्याहत्तर अंकांची आहे. ल्यूकाला मात्र दीर्घायुष्य लाभले नाही. १८९१ मध्ये मार्सेय येथील विज्ञानपरिषदेच्या भोजनप्रसंगी फुटलेल्या बशीचा तुकडा उडून त्याच्या गालाला लागला, आणि धावऱ्याच्या विकाराने काही दिवसांतच, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याचा अंत झाला.

एकशे सत्तावीसविषयी मर्सेन बरोबर ठरले. मग यादीतील इतर घातांकांचे काय? १८७६ मध्येच ल्यूकाने सदुसष्ट घातांकाची संख्या संयुक्त असल्याचे दाखविले. विभाजक मात्र अज्ञात राहिले. १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल उभा राहिला. सांगतात की त्याने एक शब्दही न उच्चारता फळ्यावर १९३ ७०७ ७२१ गुणिले ७६१ ८३८ २५७ २८७ हा गुणाकार मांडला आणि १४७ ५७३ ९५२ ५८९ ६७६ ४१२ ९२७ हे उत्तर सदुसष्टाव्या घातातून एक वजा केल्यावर येणाऱ्या संख्येशी जुळवून दाखविले. त्यापूर्वी १८८३ मध्ये रशियातील इव्हान पेर्वुशिन ह्या खेड्यातील धर्मगुरूने एकसष्ट हा घातांक यादीतून सुटल्याचे दाखविले होते. एका धर्मगुरूची चूक दुसऱ्याने दुरुस्त केली. पुढे १९११ व १९१४ मध्ये अमेरिकेतील पॉवर्स ह्याने एकोणनव्वद व एकशे सात हे दोन घातांकही मूळ संख्या देतात हे सिद्ध केले. लेमर ह्याने २५७ घातांकाची संख्या संयुक्त ठरविली. १९४७ पर्यंत सर्व घातांकांचा निकाल लागला. दोनशे सत्तावनपर्यंतच्या पंचावन्न मूळ घातांकांपैकी पाचांविषयी मर्सेन चुकले होते. दोन अधिक घेतले, तीन राहून गेले.

पाच चुका म्हणजे पुष्कळ की थोड्या? सोळाव्या-सतराव्या शतकांतील साधने पाहता हे अनुमान आश्चर्यकारक म्हटले पाहिजे. परंतु गणिताच्या दरबारात अनुमानाला मान असतो, आसन नसते. बरोबर ठरलेले एकशे सत्तावीस आणि चूक ठरलेले सदुसष्ट ही दोन्ही मर्सेन ह्यांच्या लेखणीतून सारख्याच निश्चयाने उतरली होती. यादी वाचणाऱ्याला त्यांतील खरे कोणते हे ओळखण्याचे कोणतेही साधन नव्हते. ल्यूका, पेर्वुशिन आणि कोल ह्यांनी यादीत जी भर घातली ती माहितीची नव्हे, खात्रीची.

पंचाहत्तर वर्षे ही संख्या ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी राहिली. १९५१ मध्ये फेरिए ह्याने हातयंत्राच्या साहाय्याने चव्वेचाळीस अंकी मूळ संख्या शोधली. त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक गणकयंत्रावर मिलर व व्हीलर ह्यांनी एकोणऐंशी अंकी संख्या मिळविली. तिची घडणही ल्यूकाच्याच संख्येचा वर्ग करून, त्याला १८० ने गुणून, एक मिळवून केलेली होती. ३० जानेवारी १९५२ रोजी रॉबिन्सन ह्याने लिहिलेल्या कार्यक्रमानुसार लॉस अँजेलिस येथील यंत्राने ५२१ व ६०७ हे दोन घातांक एकाच दिवशी काढले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरँट ह्याची १३ ६२ ७९ ८४१ घातांकाची संख्या जाहीर झाली. तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. ह्या सर्व घातांकांची अंतिम कसोटी मूलतः ल्यूकाचीच, लेमरने १९३० मध्ये तीनऐवजी चारापासून आरंभ करून सर्व विषम मूळ घातांकांना लागू केलेली. आणि बार्लोने ज्यांना निरुपयोगी म्हटले त्या संख्यांचा उपयोगही निघाला: एकाच्या फरकामुळे भागाकार टळतो हा त्यांचा गुण गणकयंत्रांना सोयीचा असल्याने गुप्तलेखनाच्या शास्त्रात एकशे सत्तावीस घातांकाच्या संख्येला आज स्थान आहे.

तरीही ह्या संख्येपाशी एक दार बंदच आहे. दोन हा घातांक घेतला तर तीन मिळतात. तीन घेतला तर सात. सात घेतला तर एकशे सत्तावीस. आणि एकशे सत्तावीस घेतला तर ही एकोणचाळीस अंकी संख्या. ह्या सर्व मूळ आहेत. ल्यूकाची घोषणा होताच, १८७६ मध्येच, बेल्जियममधील कातालाँ ह्या गणितज्ञाने ह्या साखळीकडे लक्ष वेधले. मग ही एकोणचाळीस अंकी संख्याच घातांक म्हणून घेतली तर? त्या संख्येत किती अंक असतील एवढे सांगावयासही अडतीस अंकी संख्या लागते, आणि ल्यूकाच्या रीतीने जावे तर पायऱ्याच एकोणचाळीस अंकी भरतात. ती मूळ आहे असे कोणी म्हणेल, कोणी नाही म्हणेल. मर्सेन असते तर त्यांनी कदाचित यादीत तिला जागा दिली असती. परंतु तिचा ताळा अद्याप कोणालाही करता आलेला नाही, आणि तोवर साखळीतील ते पाचवे नाव लिहिण्याचा अधिकार कोणालाच नाही.